रुईच्या बाजूने चार शब्द

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक ठरलेला कागद लागतो. २ ऑक्टोबरला गांधीजयंतीनिमित्त श्रमदान आहे, मैदानापलीकडची कुंपणाच्या भिंतीलगतची 'निरुपयोगी झाडी' साफ करावयाची आहे, तरी राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी कोयते-विळे घेऊन सकाळी सात वाजता हजर राहावे, असा त्याचा मजकूर असतो. श्रमदानाला माझा विरोध नाही. हातात विळा धरण्याची लाज वाटावी अशा घरातून मी आलेली नाही. माझा आक्षेप त्या सूचनेतल्या एकाच शब्दाला आहे, आणि तो शब्द म्हणजे 'निरुपयोगी'. कोणाला निरुपयोगी? आणि हे ठरवले कोणी?

त्या भिंतीलगत आहे तरी काय? थोडा टाकळा, थोडी घाणेरी, एरंडाची दोन-तीन झाडे आणि बाकी सगळी रुई. रुई म्हणजे आपल्या दृष्टीने झाडांतली सर्वांत बिनमोलाची जात. तिला पाणी घालावे लागत नाही, राखण करावी लागत नाही; गुरे तिला तोंड लावीत नाहीत आणि चुलीत तिचे सरपण टिकत नाही. शनिवारी मारुतीच्या गळ्यात माळ घालायला तिची पाने लागतात. नवग्रहांच्या होमात सूर्याच्या नावाने तिची समिधा पडते. पूर्वी तिसऱ्या लग्नाला उभ्या राहणाऱ्या पुरुषाचे लग्न आधी रुईशी लावीत, म्हणजे येणारे अरिष्ट तिच्यावर जावे! आपण तिला देवाच्या गळ्यात घातली, ग्रहांच्या शांतीला वापरली, दुसऱ्याची पीडा घ्यायला पुढे केली. पण तिला जागा देण्याची वेळ आली की कोयता काढला. एवढ्या उपयोगांनंतरही ती 'निरुपयोगी' ठरते, हे जरा चमत्कारिकच नाही का?

परंतु मला आज रुईच्या धार्मिक उपयोगाविषयी लिहावयाचे नाही. माझ्या लेखाचा खरा नायक तिच्या पानाच्या पाठीवर जन्माला येणारे एक फुलपाखरू आहे. तुम्ही सर्वांनी ते पाहिलेले आहे. नारिंगी-तांबूस पंख, पुढच्या पंखाची टोके काळी, त्यावर पांढरा तिरका पट्टा, आणि मागच्या पंखाला काळी किनार. उडण्यात घाई म्हणून नाही. एखादे सुखवस्तू गृहस्थ जेवणानंतर शतपावली करतात तसे ते जमिनीपासून हात-दोन हात उंचीवरून संथपणे फिरत असते. इंग्रजीत त्याला 'प्लेन टायगर' म्हणतात. शास्त्रीय नाव 'डॅनाउस ख्रिसिपस'. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली ते नामकरण केले. डॅनाउस हा ग्रीक पुराणकथेतला पन्नास मुलींचा बाप आणि ख्रिसिपस हा त्याच्या पन्नास जावयांपैकी एक. म्हणजे आमच्या बांधावरच्या पाखराच्या नावात एका परदेशी सासऱ्या-जावयाची जोडी बसलेली आहे! महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने आपल्या राज्यातल्या फुलपाखरांना मराठी नावे दिली आहेत आणि ते काम मोलाचे आहे. पण नावे कागदावरून जिभेवर यायला वेळ लागतो. आमच्या घरात त्याला नुसते 'रुईचे फुलपाखरू' म्हणतात. या लेखापुरते मीही तेच म्हणते.

हे फुलपाखरू ज्या कुळातले आहे त्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. कीटकाला पाय सहा, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. हे फुलपाखरू मात्र फुलावर बसले की चारच पायांवर उभे दिसते. उरलेले पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी दुमडलेले असतात आणि ते कुंच्यासारखे दिसतात, म्हणून या कुळाला 'कुंचापायी' म्हटले तर चालेल. फुलपाखरांच्या सर्व कुळांत हे सर्वांत मोठे. जगात त्याच्या सुमारे सहा हजार जाती आहेत. आणि हे नातेवाईक काही दूर हिमालयात राहत नाहीत. कण्हेरीवर आणि वडा-उंबरावर वाढणारे काळे-तपकिरी 'कॉमन क्रो', एरंडावरचे 'कॉमन कॅस्टर', आंब्याच्या पानावर वाढणारे 'कॉमन बॅरन', पंखांवर डोळे काढलेली 'पॅन्सी' मंडळी, ही सर्व याच भावकीतली. यातले बहुतेक जण आपल्या महाविद्यालयाच्या आवारात कधी ना कधी येऊन गेलेले असणार. त्यांची हजेरी कोणी घेत नाही एवढेच.

मित्रहो, आता रुई आणि या फुलपाखराचा संबंध काय ते पाहा. मादी आपली अंडी कोठेही टाकीत नाही. ती रुईचे किंवा रुईच्याच कुळातल्या एखाद्या वनस्पतीचे पान शोधते, पायांनी त्याची चव घेते, आणि बहुधा पानाच्या खालच्या बाजूला एकच अंडे चिकटवून पुढे जाते. त्यातून निघालेला सुरवंट पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांचा असतो आणि त्याच्या पाठीवर काळ्या, लवचीक शिंगांसारख्या तीन जोड्या असतात. रुईच्या पानात पांढरा चीक भरलेला आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तो डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. मग हा एवढासा जीव तो खातो कसा? तो आधी पानाची शीर कुरतडून ठेवतो. चीक तिथून वाहून जातो आणि पुढचा कोरडा झालेला भाग तो निवांतपणे खातो. हे त्याला कोणत्या पाठ्यपुस्तकाने शिकविले?

रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. सुरवंट त्यांतली काही आपल्या अंगात साठवतो आणि फुलपाखरू झाल्यावरही ती त्याच्या अंगात राहतात. अमेरिकेत लिंकन ब्रॉवर या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याच घराण्यातल्या 'मोनार्क' फुलपाखरावर प्रयोग केले. निळ्या जे पक्ष्याने ते फुलपाखरू खाल्ले, थोड्या वेळाने ओकून टाकले, आणि पुन्हा तसल्या रंगाच्या पाखराकडे वळून पाहिले नाही. आमचे रुईचे फुलपाखरू इतक्या संथपणे का उडते, याचे उत्तर यात आहे. ज्याला कोणी खाणार नाही त्याला पळायचे काय कारण? अर्थात प्रत्येक फुलपाखरात विष सारखे नसते. काहींच्या अंगात ते अगदीच थोडे असते. पण कुळाच्या नावावर तीही तरून जातात. माणसांतही हे आपण पाहतोच.

आणि कुळाच्या नावावर तरून जाण्याचा धंदा भावकीच्या दुसऱ्या शाखेनेही आरंभला आहे. 'डॅनाइड एगफ्लाय' नावाचे एक फुलपाखरू आहे. त्याचा नर काळाभोर, पंखांवर पांढरे मोठे ठिपके आणि ठिपक्यांभोवती निळी-जांभळी झाक. त्याची मादी मात्र नवऱ्यासारखी मुळीच दिसत नाही. ती हुबेहूब रुईच्या फुलपाखरासारखी दिसते. तिच्या अंगात विष नाही, पण विषारी पाखराचा वेष तिने घेतला आहे. पक्षी फसतात आणि ती वाचते. हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षे काढून १८६२ साली अशा नकलेची उपपत्ती मांडली. डार्विनचा मूळ ग्रंथ त्याआधी तीनच वर्षे प्रसिद्ध झाला होता, आणि त्या सिद्धांताला फुलपाखराच्या पंखावरचा हा पुरावा फार मोलाचा ठरला.

या नकलाकार मादीचे सुरवंट वाढतात कशावर? तर घोळीवर. होय, तीच आपली घोळ. जिची भाजी आई ताकात घालून करते आणि शहरात आल्यावर जिचे नाव काढायला आम्हांला संकोच वाटतो. म्हणजे असे पाहा: अस्सल पाखरू रुईवर वाढते आणि नकली घोळीवर. एक उकिरड्याकडेची, दुसरी शेतातले तण. निसर्गातल्या एका महान सिद्धांताचे दोन्ही पुरावे आपल्याकडे 'निरुपयोगी' या एकाच सदरात जमा आहेत.

आता या गोष्टीतला सर्वांत विचार करण्यासारखा भाग सांगते. १९७२ साली आपल्या देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. पुढे त्याच्या परिशिष्टांत फुलपाखरांचीही नावे आली. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परिशिष्टे नव्याने मांडली गेली. त्याआधीच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे ज्यात वाघाचे नाव आहे त्याच परिशिष्टात, या नकलाकार फुलपाखराचे नाव होते. रुईच्या फुलपाखराचे नव्हते. कारण उघड आहे. ते 'सामान्य' आहे, जिकडेतिकडे आहे. नक्कल दुर्मीळ म्हणून तिला संरक्षण, आणि अस्सल विपुल म्हणून त्याची गणती नाही. परंतु नकलेचे सारे सामर्थ्य अस्सलाच्या विपुलतेत असते, ही साधी गोष्ट आहे. पक्ष्याने आधी कधीतरी अस्सल पाखराची कडू चव घेतलेली असेल तरच तो नकलेला सोडून देणार. जिथे रुई गेली, तिच्याबरोबर रुईचे फुलपाखरू गेले, तिथे नकलाकाराचा वेष म्हणजे चलनातून बाद झालेली नोट. कायद्याने त्याला कितीही उच्च स्थान दिले तरी पक्षी कायदा वाचत नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे असे, की दुर्मिळाला वाचवायचे असेल तर आधी सामान्याला सांभाळले पाहिजे. आपली सवय नेमकी उलट आहे. जे संपत आले त्याच्यासाठी आपण सभा भरवतो, आणि जे भरपूर आहे त्याच्यावर पाय देऊन पुढे जातो. मग एके दिवशी तेही संपत येते आणि आपण त्याच्यासाठी पुन्हा सभा भरवतो.

हे अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून दोन उदाहरणे देते. पहिले आपल्याकडचे. गिधाड हा एके काळी भारतात इतका सामान्य पक्षी होता की त्याच्याकडे कौतुकाने कोणी पाहत नसे. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की गिधाडे उतरत आणि काम संपवून जात. १९९० नंतर ती नाहीशी होऊ लागली, आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा-एक वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याला कारणीभूत, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर सामान्य पक्षी दुर्मिळांच्या यादीत जाऊन बसला होता.

दुसरे उदाहरण रुईच्या फुलपाखराच्या सख्ख्या भावाचे, म्हणजे अमेरिकेतल्या मोनार्कचे. मोनार्क शरद ऋतूत हजारो मैलांचा प्रवास करून मेक्सिकोच्या डोंगरांतल्या झाडांवर हिवाळा काढतात. ती जागा शास्त्रज्ञांना १९७५ साली सापडली. तिथे ती इतक्या दाटीने बसतात की त्यांची डोकी मोजता येत नाहीत. किती जमिनीवरची झाडे त्यांनी व्यापली तेवढे मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात हे क्षेत्र सुमारे १८ हेक्टर होते. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ते एक हेक्टरसुद्धा भरले नाही. याची जी कारणे संशोधकांनी सांगितली त्यांतले एक प्रमुख कारण असे, की मका आणि सोयाबीनच्या शेतांत तणनाशके फवारल्यामुळे चिकाचे तण संपले. तिकडचे हे तण म्हणजे आपल्या रुईची चुलत बहीण. मोनार्कच्या सुरवंटाला दुसरे काही खाता येत नाही. कोणी त्या पाखरांना मारायला निघाले नव्हते. लोकांनी फक्त 'निरुपयोगी झाडी' साफ केली.

येथे मला माझ्या गावाबद्दल चार ओळी लिहिणे भाग आहे. माझी आई शेतात खुरपणीला जाते. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण शेतातले तण तिला नावानिशी ओळखू येते. पाथरी, घोळ, तांदुळजा, कुर्डू यांतले जे खाण्याचे ते संध्याकाळी पदराच्या ओटीतून घरी येते. रुईवरच्या सुरवंटाविषयी मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "अगं, ती आळी रुईच खाती, दुसऱ्या पाल्याला तोंड लावत न्हाई. म्हणून तर तिला कुणी मारत न्हाई." हेच वाक्य मला पुढे ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात सापडले. फक्त तिथे ते अर्ध्या पानाचे होते.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडेही तणनाशक आले. पंप पाठीला लावून एक माणूस अर्ध्या दिवसात जे करतो त्याला पूर्वी दहा बायका लागत. खुरपणीने पाठ मोडते, हे मी घरात पाहिले आहे. माझ्या आईने आयुष्यभर वाकूनच काम करावे असे मी म्हणणार नाही, आणि शेतकऱ्याने मजुरी वाचवू नये असेही म्हणणार नाही. पण हिशेब मांडायचा तर पुरता मांडावा. फवारणीने बायकांची मजुरी गेली, ओटीतली भाजी गेली, आणि घोळीबरोबर घोळीवरची पाखरेही गेली. पिकातले तण शेतकऱ्याचे नुकसान करते, ते काढावेच लागेल. पण बांधावरची रुई कोणाच्या पिकात येते? ओढ्याकाठची घोळ कोणाचे काय खाते? तिथेही नळी फिरते ती गरजेपोटी नव्हे. स्वच्छ दिसावे म्हणून फिरते.

आणि हीच 'स्वच्छ दिसावे' ही हौस आपल्या महाविद्यालयात कोयता बनून येते. येथे काही प्राध्यापक मंडळी आणि मित्र असे म्हणतील, की आपण भिंतीलगत बाग करणार आहोत, फुलझाडे लावणार आहोत, मग फुलपाखरे आपोआप येतील. ही समजूत अर्धी बरोबर आहे. फुलातला मध हे वाढलेल्या फुलपाखराचे खाणे. तेवढ्यापुरते ते बागेत येईल. पण त्याची पिल्ले, म्हणजे सुरवंट, मध खात नाहीत. त्यांना पाने लागतात, आणि तीही ठरावीक झाडाची. नुसती फुलझाडे लावणे म्हणजे गावात खानावळ काढून घरे पाडण्यासारखे आहे. शिवाय सजवलेल्या बागेत सुरवंट दिसला की माळी औषध मारतो. आपल्याला फुलपाखरू हवे असते, सुरवंट नको असतो.

हे वाक्य लिहिताना मला आमच्यासारख्या मुलामुलींची आठवण होणे साहजिक आहे. घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेले आम्ही. गुणवत्ता यादीत नाव आले, पदवी मिळाली, नोकरी लागली, की आमचा सत्कार होतो, हारतुरे मिळतात. त्याआधीची वर्षे, जेव्हा आम्ही नुसते खात असतो, वाढत असतो, बोलण्यात गावची हेल असते आणि इंग्रजीचा तास चालू झाला की मान खाली जाते, त्या वर्षांत आम्ही कोणाला फारसे शोभिवंत वाटत नाही. एसटीची वेळ, वसतिगृहातली एक खाट, ग्रंथालयात एक दिवस जास्त मिळालेले पुस्तक ही आमची रुईची पाने. ती राहिली तर पुढचे सारे आपोआप होते. ती कापली गेली तर सत्काराचा हार तयार ठेवून काही उपयोग नाही. ही तुलना मी फार ताणणार नाही, कारण फुलपाखराला त्याच्या मोठेपणासाठी आमची उपमा लागत नाही. पण 'सामान्य' हा शब्द ज्यांना लावला जातो त्यांनी तरी तो दुसऱ्याला लावताना जरा थांबावे, एवढेच माझे म्हणणे.

'सामान्य' या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे, आणि तो मला एका जुन्या लेखमालेने दाखवला. टी. आर. बेल नावाचे एक आयरिश वन अधिकारी कारवारला राहत. त्यांनी १९०९ पासून पुढे बरीच वर्षे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक मोठी लेखमाला लिहिली. तिचा विषय होता भारताच्या मैदानी प्रदेशातली सामान्य फुलपाखरे. दुर्मीळ पाखरू पकडून टाचणीवर टोचण्याच्या त्या काळात या माणसाने रोजच्या पाखरांची अंडी, सुरवंट, कोष आणि त्यांची खाण्याची झाडे यांची वर्णने केली. त्यांच्या लेखी सामान्य म्हणजे सगळ्यांच्या वाट्याचे, कोणालाही दारात उभे राहून पाहता येण्यासारखे. त्याहून जुना दाखला हवा असेल तर इजिप्तमध्ये जावे लागेल. नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातले सुमारे ३३५० वर्षांपूर्वीचे एक भिंतीचित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. त्यात शिकारीला निघालेल्या नेबामुनभोवती पक्ष्यांबरोबर नारिंगी फुलपाखरे उडताना रंगविली आहेत, आणि ती हीच, रुईची फुलपाखरे आहेत. त्या चित्रकाराला नाईलच्या काठी दुर्मीळ काही मिळाले नसेल असे नाही. मृत्यूनंतरच्या सुखी जीवनात सोबत न्यावे असे त्याला जे वाटले, ते रोज दिसणारे होते.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की झाडीत साप येतात. साप उंदरांमागे येतात आणि उंदीर कचऱ्याच्या ढिगात राहतात. आपल्या भिंतीलगत रुईपेक्षा उपाहारगृहातले खरकटे आणि तुटलेल्या बाकांचा ढीग जास्त आहे. तो आधी हलवावा. त्या श्रमदानाला मी पहिली येईन. रुईचे झुडूप मोकळे वाढते आणि त्याच्या बुंध्याशी जमीन दिसत असते. दुसरा आक्षेप चिकाचा. तो बरोबर आहे. चीक डोळ्याला वाईटच, म्हणून ज्या बाजूने मुले खेळतात, जिथे जाण्यायेण्याची वाट आहे, तिथली रुई काढावी. तिसरा आक्षेप असा की हे सगळे शास्त्र शाखेचे विषय, कला शाखेने त्यात पडू नये. आपल्या महाविद्यालयात शास्त्र शाखाच नाही. मग काय पाखरांनी प्रवेश घेण्यासाठी दुसऱ्या गावी जावे? नावे, म्हणी, रूढी, शेतीचा इतिहास, कायदा आणि त्यातला अन्याय हे सारे आपलेच विषय आहेत.

माझी सूचना साधी आहे. मैदानाच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत दहा पावले रुंदीची एक पट्टी राखावी. तिथे रुई, घोळ, एरंड आणि आपोआप येईल ते येऊ द्यावे. पाऊस संपल्यानंतरचे महिने ही फुलपाखरांची ऐन हंगामाची वेळ, आणि नेमका त्याच वेळी आपला कोयता चालतो. पट्टी फारच माजली तर उन्हाळ्यात, आणि तीही एका वर्षी अर्धीच छाटावी. रुई चिवट आहे, ती पुन्हा फुटते. खुळखुळा उगवला तर तोही उपटू नये. कारण नर फुलपाखरांना मादीला भुलविणारा गंध तयार करण्यासाठी लागणारे द्रव्य खुळखुळ्यासारख्या, तागाच्या जातीच्या झाडांतून मिळते. थोडक्यात काय, तर एका पाखराच्या संसाराला एका झाडाने भागत नाही. बाळंतपण एकीकडे, जेवण दुसरीकडे आणि अत्तर तिसरीकडे, असा तो पसारा आहे.

दुसरी सूचना अशी की ग्रंथालयात एक नोंदवही ठेवावी. कोणत्या दिवशी कोणते फुलपाखरू कोणत्या झाडावर दिसले, त्याची अंडी किंवा सुरवंट दिसला का, आणि आपल्या गावात त्या झाडाला किंवा पाखराला काय म्हणतात, एवढेच तीत लिहावे. आपण सत्तर-ऐंशी गावांतून येथे येतो. प्रत्येकाच्या घरी अशी एक तरी आई, आजी किंवा गुराखी मामा आहे, ज्याला पुस्तकात नसलेले चार शब्द ठाऊक आहेत. ते शब्द त्यांच्याबरोबर जाण्याआधी कोणीतरी लिहून घेतले पाहिजेत. महाराष्ट्रात फुलपाखरांच्या पावणेतीनशेच्या आसपास जाती नोंदल्या आहेत. २०१५ साली 'राणी पाकोळी' हे राज्याचे फुलपाखरू ठरले, याचा मला आनंदच आहे. पण राणीला मान देऊन रयतेला हुसकून लावावे असे कोणत्याही राज्यशास्त्रात सांगितलेले नाही.

प्राचार्यांना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे, की या वर्षीच्या सूचनेतून 'निरुपयोगी झाडी' हे शब्द काढावेत आणि त्या जागी 'कचरा' असे लिहावे. कचरा आपण केलेला आहे, तो आपणच उचलला पाहिजे. झाडी आपण केलेली नाही. तिथे अंडी घालायला आलेल्या मादीला आपली सूचना वाचता येत नाही. तिला फक्त पान ओळखता येते. ते पान तिला जागेवर सापडावे, एवढीच माझी मागणी आहे.

— द्वितीय वर्ष, कला